रायझन ७७०० सोबत ५२०० ची रॅम घेऊ की ६००० ची? साडेसहा हजारांचा फरक सांगतायत

शाहूपुरी_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, मुंज, अधनंमधनं एखाद्या पतसंस्थेची वार्षिक सभा. तुळशीचं लग्न लागलं की आमची जी पळापळ सुरू होते ती पावसाच्या तोंडापर्यंत.

सध्याचा पीसी २०२० सालचा आहे. आय५ १०४००, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची साटा एसएसडी, दोन हार्ड डिस्क. आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड नंतर बसवलं. काम म्हणजे फोटोशॉपमध्ये १२ बाय ३६ चे करिझ्मा अल्बम आणि प्रीमियरवर फोर-के व्हिडिओ. अल्बमची दहा-बारा पानं उघडी ठेवून प्रीमियर चालू केलं की माऊसचा बाणसुद्धा अडखळत चालतो. पार्टी शेजारी बसून करेक्शन सांगत असते आणि आम्ही स्क्रीनकडं बघत गप्प. वधूपित्यानं चहा संपवला तरी पान सेव्ह होत नाही.

म्हणून नवीन पीसी ठरवलाय. रायझन ७ ७७०० प्रोसेसर, बी६५० बोर्ड, १ टीबी एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी), कार्ड जुनंच ठेवणार. राजारामपुरीत दोन दुकानांतून कोटेशन घेतलं. बाकी सगळं उन्नीस-बीस, पण रॅमवर गाडी अडली. पहिला म्हणतो ३२ जीबी डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) ५२०० बास झाली. दुसरा म्हणतो ६००० च घ्या, ५२०० घेतली तर वर्षात पस्तावाल. त्याची ती ६००० वाली दिवे लागणारी आहे. दोन्हींत जीएसटी धरून साडेसहा हजारांचा फरक. साडेसहा हजार म्हणजे माझ्याकडं एका ड्रोनवाल्याचा दिवस.

हे पैसे कामात वसूल होतात का, एवढंच सांगा. गेम मी खेळत नाही.

खासबाग_गेमर

भावा ६००० च घे, विषय संपला. दिव्यासकट घे. नाद करायचा तर पुरता करायचा.

माझा अनुभव सांगतो. माझ्याकडं रायझन ५६००जी आहे, वेगळं कार्ड नाही. घेतला तेव्हा ८ जीबीची एकच स्टिक होती, गेम असा चालायचा की शत्रू मला मारून जेवायला गेलेला असायचा. मग सेम टू सेम दुसरी ८ ची टाकली आणि गेम लोण्यागत चालायला लागला. लै फरक. म्हणून म्हणतो, रॅममध्ये कंजूषपणा करू नको.

उद्यमनगरची_असेंबलर

खासबागवाल्या भावा, तुझा अनुभव खरा आहे पण तू त्याचं श्रेय भलत्यालाच दिलंस. तुझ्या रॅमचा वेग वाढलाच नाही. एका स्टिकच्या दोन झाल्या म्हणजे एका चॅनेलचे (रॅम ते प्रोसेसर रस्त्याचे) दोन चॅनेल झाले, रॅमकडून येणारा माल दुप्पट झाला. त्यात तुझं ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातलं. त्याला स्वतःची मेमरी नाही, ते सगळं साध्या रॅममधूनच ओढतं. अशा पीसीत रॅमच्या वेगाचा आणि जोडीचा फरक डोळ्याला दिसतो. शाहूपुरीच्या दादांकडं ३०६० आहे, त्यावर तिची स्वतःची मेमरी आहे. त्यामुळे तुझा हिशेब त्यांना लागू नाही.

आता दादा, तुमच्याकडं येते. मी उद्यमनगरात पीसी जोडते आणि दुरुस्त करते. निम्मी गिऱ्हाइकं सीएनसी जॉबवर्कवाली, बाकी टॅलीवाले आणि तुमच्यासारखे स्टुडिओवाले. ५२०० की ६००० हा तुमच्या यादीतला चौथा प्रश्न आहे. आधीचे तीन असे: जीबी पुरतात का, स्टिक जोडीनं आणि योग्य स्लॉटमध्ये आहेत का, आणि जो वेग विकत घेतला तो बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, चालू केलाय का. हे तीन दोन्ही दुकानांनी तुम्हाला विचारले नाहीत. विचारले तर चौथ्याचे पैसे मिळत नाहीत.

पहिल्यापासून सुरू करू. तुमचं १२ बाय ३६ चं एक पान ३०० डीपीआयला किती मोठं होतं? ३,६०० गुणिले १०,८००, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर पूर्ण पानाचा एक लेयर साधारण ११६ एमबी. बॅकग्राउंड, टेक्श्चर, मास्क, नवरा-नवरीचे कटआउट, वर हिस्टरी. पंधरा-वीस लेयरचं एक पान दोन जीबीच्या घरात सहज जातं, आणि तुम्ही म्हणताय दहा-बारा पानं उघडी असतात. त्यात प्रीमियर. ॲडोबी स्वतःच फोर-के साठी ३२ जीबी किंवा जास्त सांगते. तुमच्याकडं १६. तर बाण अडखळणारच.

रॅम भरली की विंडोज आणि फोटोशॉप दोघंही डिस्कवर पसारा मांडतात. तुमची आत्ताची रॅम एकाच चॅनेलवर धरली तरी सेकंदाला २१ जीबीच्या आसपास माल देते. साटा एसएसडी देते अर्धा जीबी, फार तर किंचित वर. म्हणजे रॅममधून सांडलेलं काम चाळीसेक पट हळू जागी जाऊन पडतं. आणि ५२०० वरून ६००० वर गेल्यावर मिळणार किती? कागदावर १५ टक्के. कुठलं दुखणं आधी बरं करायचं ते तुम्हीच बघा.

फोटोशॉपमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात जिथं फाइलचा साइज दिसतो, तिथल्या बाणावर क्लिक करून एफिशियन्सी निवडा. काम करताना आकडा १०० वर असला तर रॅम पुरतेय. त्याखाली घसरला की समजायचं फोटोशॉप रॅम सोडून डिस्कवरच्या जागेत, म्हणजे स्क्रॅच डिस्कवर उतरलंय. हे बघायला पैसे पडत नाहीत.

दुसरं काम आजच करा. नेहमीचा भार पीसीवर टाका, अल्बम उघडे, प्रीमियर चालू, ब्राउझर पण असू दे. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरी बघा. इन यूज किती, कमिटेड किती, स्पीड किती आणि स्लॉट्स यूज्ड किती हे चार आकडे इथं लिहा. रिकाम्या पीसीवरचे आकडे पाठवू नका, त्याचा उपयोग नाही.

आता वेगाबद्दल. पाकिटावरचा ६००० चा आकडा मेगाहर्ट्झ म्हणून विकतात, पण ते सेकंदाला किती दशलक्ष वेळा माल हलतो त्याचं माप आहे, ६,००० दशलक्ष. घड्याळ त्याच्या निम्म्यानं, ३,००० मेगाहर्ट्झनं चालतं, म्हणून सीपीयू-झेड (पीसीची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) उघडल्यावर गिऱ्हाईक घाबरून फोन करतं की ताई, मला अर्धीच रॅम दिली. त्या आकड्यापेक्षा मला बारीक अक्षरातला सीएल, म्हणजे माल द्यायच्या आधी रॅम घड्याळाचे किती ठोके घेते तो आकडा, महत्त्वाचा वाटतो. मागणी केल्यापासून पहिला दाणा हातात पडेपर्यंतचा वेळ काढायचा असेल तर सीएल गुणिले २,००० भागिले वेग. उत्तर नॅनोसेकंदात येतं. ५२०० सीएल ४० ची रॅम १५.४ नॅनोसेकंद घेते. ६००० सीएल ३० ची १०. आणि ६००० सीएल ४० ची? १३.३. पाकिटावर दोन्हीकडं ६००० च. आता गंमत बघा, जुनी डीडीआर४ ३२०० सीएल १६ ची काढा, तिचेही १० च येतात. तुमच्या कोटेशनवर नुसतं ‘३२ जीबी ६००० आरजीबी’ लिहिलंय का ते बघा. सीएल लिहिला नसेल तर साडेसहा हजार दिव्यांचे आहेत असं धरा.

आणखी एक गोष्ट ७७०० बद्दल. ५२०० ची जोडी मिळून सेकंदाला ८३ जीबी देऊ शकते, ६००० ची ९६. पण ७७०० मध्ये कोअरचा एकच तुकडा आहे, आणि त्या तुकड्याला मेमरी कंट्रोलरशी जोडणारा आतला रस्ता वाचनाला साधारण ६४ जीबीवरच थांबतो. साखर कारखान्याच्या गेटवर वजनकाटा एकच असेल तर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दुपटीनं आणून काय उपयोग, रांगच लांबते. म्हणजे ६००० चा जो काही फायदा आहे तो त्या कमी नॅनोसेकंदांचा, जादा मालाचा नव्हे. तो फायदा गेममध्ये फ्रेम मोजणाऱ्याला दिसतो. तुमचा एक्स्पोर्ट ग्राफिक्स कार्डाच्या एन्कोडरवर होतो. पान सेव्ह होतं ते एका-दोन कोअरवर आणि डिस्कवर. तिथं स्टॉपवॉच लावलं तरच दिसेल, पार्टीला कळणार नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं म्हणाल तर आमच्याच गल्लीतल्या एका वर्कशॉपचं सांगते. मालकानं पुण्याहून ६००० ची दिवेवाली जोडी मागवून पीसी करून घेतला होता. माझ्याकडं तक्रार वेगळीच होती, पंखा आवाज करतो. मी सहज बायोसमध्ये गेले. एक्स्पो, म्हणजे रॅमचा पाकिटावरचा वेग चालू करायची सोय, डिसेबल्ड. रॅम पहिल्या दिवसापासून ४८०० वर चालली होती, दिवे मात्र इमानदारीत ६००० चे. एक्स्पो चालू करून रीस्टार्ट मारला तर स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, दिवे इंद्रधनुष्य दाखवतायत, पण काही येईना. मालकाचा हात पॉवरच्या बटणाकडं निघाला, तो मी वाटेतच धरला. डीडीआर५ चे बोर्ड सेटिंग बदललं की रॅमचं ट्रेनिंग करतात, प्रत्येक लाइनची वेळ जुळवून घेतात, त्याला कधीकधी काही मिनिटं लागतात. चहा सांगितला, चहा यायच्या आत विंडोज आलं. आणि मग मालक म्हणतात, ‘आता फास्ट झाला हां!’ कशावर फास्ट, तर टॅलीवर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ६००० सीएल ३० ही रॅम वाईट नाही, एएमडी स्वतः या मालिकेसाठी ६००० कडंच बोट दाखवते. पण तुमच्या कामाला ते साडेसहा हजार तिथं घालू नका. ५२०० किंवा ५६०० मध्ये २४ च्या दोन, म्हणजे ४८ जीबीची जोडी मिळते. हे पैसे तिकडं वळवा, वर थोडे घालावे लागतील. ते जमत नसेल तर ३२ जीबी ५२०० घ्या आणि उरलेल्या पैशात स्क्रॅचसाठी वेगळी एनव्हीएमई.

‘आत्ता ३२ घेतो, पुढच्या वर्षी आणखी दोन स्टिक टाकतो’ हा बेत मात्र करू नका. ७७०० दोन स्टिकवर अधिकृतपणे ५२०० देतो, चारही स्लॉट भरले की अधिकृत आकडा ३६०० वर येतो. नशिबानं वर चालली तर चालली. डीडीआर५ मध्ये जे घ्यायचं ते दोन स्टिकमध्येच घ्यायचं.

गोकुळ_शिरगाव_मेथडिंग

ताईंचं बरंचसं पटलं, पण ‘वेग म्हणजे दिवे’ असं सरसकट वाचणाऱ्यांच्या डोक्यात राहायला नको म्हणून लिहितो. मी फाउंड्रीत मेथडिंग (साच्यात धातू कसा भरायचा त्याची आखणी) बघतो. रनर, रायझर कुठं ठेवायचे, श्रिंकेज कुठं येईल, हे आधी सिम्युलेशन करून बघतो आणि मगच पॅटर्नला हात लावतो. पंप बॉडीसारख्या एका कास्टिंगचं मेश (बारीक तुकड्यांची जाळी) काढलं तर सेल, म्हणजे तुकडे, लाखांत असतात, बारीक केलं तर कोटीत जातात. धातू थंड होतानाच्या प्रत्येक टप्प्याला या सगळ्या सेलचं तापमान रॅममधून वाचायचं, थोडं गणित करायचं, परत लिहायचं. गणित किरकोळ, वाहतूक प्रचंड. प्रोसेसरच्या कॅशमध्ये (आतल्या छोट्या वेगवान मेमरीत) हे मावत नाही, त्यामुळे कोअर मालाची वाट बघत बसतात.

आमच्या एका पीसीत ४८०० ची जोडी काढून ६००० ची टाकली, प्रोसेसर तोच, जॉब तोच. आधी साडेसहा तास घेणारा रन पावणेसहाच्या आसपास आला. पाऊण तास वाचला म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला पॅटर्न शॉपला उत्तर देता येतं. आमच्यासाठी जादा पैसे वसूल.

तरी हेही सांगतो, नंतर कंपनीनं नवीन वर्कस्टेशन घ्यायचं ठरवलं तेव्हा मी ६४०० वगैरेच्या मागं लागलो नाही. आठ चॅनेलचा थ्रेडरिपर प्रो मागितला, ५२०० च्याच स्टिक, एरर दुरुस्त करणाऱ्या. आठ चॅनेलचे मिळून सेकंदाला ३३२ जीबी होतात. दोन चॅनेलवर कितीही महागडी स्टिक लावा, तिथं पोचत नाही. किंमत ऐकून आमचे डायरेक्टर दोन मिनिटं बोलले नाहीत, तो वेगळा विषय.

उद्यमनगरची_असेंबलर

मेथडिंगवाले साहेब, बरोबर. तुमचं काम म्हणजे रॅमच्या वाहतुकीवर चालणारं काम, तिथं मी स्वतः जास्त पैसे घालायला सांगते. तसंच घरच्या पीसीवर कार्डाशिवाय एआय मॉडेल चालवणाऱ्यांचं. प्रत्येक शब्दतुकड्याला अख्खं मॉडेल रॅममधून वाचावं लागतं. ५ जीबीचं मॉडेल आणि सेकंदाला ५० जीबी देणारी रॅम असेल तर दहापेक्षा जास्त तुकडे निघणारच नाहीत, प्रोसेसर कुठलाही आणा. तिथं वेग म्हणजे सरळ वेग.

उलट बाजूला ७८००एक्स३डी सारखे प्रोसेसर. पोटात ९६ एमबीची कॅश, त्यामुळे गेममध्ये रॅमकडं जायची वेळच कमी येते. गंमत अशी की लोक नेमके त्याच्यासोबत सगळ्यात महाग रॅम घेतात.

शाहूपुरी_स्टुडिओ

ताई, सांगितल्याप्रमाणे केलं. तीन अल्बमची मिळून अकरा पानं, प्रीमियरवर एका लग्नाचा हायलाइट, क्रोममध्ये गाण्यांची शोधाशोध. हे आकडे:

इन यूज १५.२, एकूण १५.९ पैकी. कमिटेड २७ च्या वर. स्पीड २६६६. स्लॉट्स यूज्ड १ ऑफ ४.

एफिशियन्सी ७१ दाखवत होती, एक पान रोटेट केलं तेव्हा ५८ वर आली.

दोन गोष्टी खटकल्या. एक, माझ्या बिलावर ८ च्या दोन लिहिलंय असं मला आठवत होतं, बिल शोधलं तर ‘१६ जीबी डीडीआर४ ३२००’ एवढंच लिहिलंय. उघडून बघितलं तर खरंच एकच स्टिक. दुसरं, स्टिकरवर ३२०० आहे आणि चालतेय २६६६ वर. म्हणजे इतकी वर्षं मला फसवलं काय?

अजून एक. कॅमेरा गेल्या सीझनला बदलला, आता एच.२६५ मध्ये १०-बिट ४:२:२ (रंगाची माहिती जास्त ठेवणारा प्रकार) शूट करतो. त्यानंतरच टाइमलाइन जास्त अडकायला लागली. त्याचा रॅमशी संबंध आहे का?

उद्यमनगरची_असेंबलर

दादा, शेवटचं आधी घेते, कारण त्यावर तुमचं अख्खं कोटेशन बदलू शकतं.

एच.२६५ चं १०-बिट ४:२:२ उलगडायला प्रोसेसरला फार जड जातं. ते काम हार्डवेअरनं करायचं असेल तर आत तसा डीकोडर लागतो. तुमच्या ३०६० मध्ये ४:२:२ चा डीकोडर नाही. ७७०० च्या पोटातल्या ग्राफिक्समध्येही नाही. तुमच्या १०४०० मध्ये पण नाही. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या, बिल्ट-इन ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरांत आहे. एनव्हिडियाच्या ५० मालिकेच्या कार्डांत आहे. म्हणजे तुम्ही लाखभर घालून ७७०० घेतलात, ६००० ची रॅम घातलीत, जुनं कार्ड तसंच ठेवलंत, तर कच्च्या क्लिपवर टाइमलाइन पूर्वीपेक्षा बरी चालेल पण अडकायची तशी अडकेल. मग दुकानदार म्हणेल ६४०० टाकू या.

त्यामुळे इंटेलच्या प्रोसेसरचं एक कोटेशन घ्याच. मॉडेलच्या शेवटी एफ असलेला घेऊ नका, त्यात बिल्ट-इन ग्राफिक्स नसतं. आणि नवीन पीसी येईपर्यंत प्रीमियरमध्ये प्रॉक्सी करायला लागा. रात्री सगळ्या क्लिप प्रॉक्सीला लावून घरी जायचं, सकाळी हलक्या फाइलवर कापाकापी. फायनल एक्स्पोर्टला ती आपोआप मूळ फाइल घेते.

आता फसवणुकीचं. २६६६ मध्ये तुम्हाला कुणी फसवलं नाही. १०४०० चा अधिकृत वेगच डीडीआर४ २६६६ आहे. तुमचा बोर्ड बहुतेक बी४६० असणार, त्यात वेग वर न्यायची सोयच इंटेलनं ठेवली नव्हती. ती पुढं बी५६० पासून आली. ३२०० ची स्टिक त्यात खाली उतरून २६६६ वर चालते. स्टिकर खरा, बोर्डही खरा, फक्त वरच्या वेगाचे पैसे तुम्ही त्या दिवशी दिले आणि तो वेग त्या डब्यात कधी येणारच नव्हता. एकच स्टिक दिली याचं मात्र मला वाईट वाटतं. तेव्हा ८ च्या दोन दिल्या असत्या तर जवळजवळ तेवढ्याच पैशात दुप्पट माल मिळाला असता.

कमिटेड २७ म्हणजे तुमचं काम आत्ताच २७ जीबी मागतंय आणि तुमच्याकडं आहे १६. वरच्या अकरांतलं बरंचसं साटा एसएसडीवर लोळतंय. नवीन पीसीत ३२ घेतली तरी काठावर बसेल. म्हणून ४८ म्हणते. ५२०० की ६००० हा विषय मी तुमच्यापुरता बंद करते.

आणि घाई असेल तरच नवीन घ्या. २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास रॅमचे भाव जे चढायला लागले ते सगळ्यांनी बघितलंय. रॅमच्या चिप मुख्यतः तीनच कंपन्या करतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत पैसा जास्त, मग कारखान्याची ताकद तिकडं गेली. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपल्यासारख्यांना विकायचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा बाजारात न लागणाऱ्या वेगाला पैसे घालणं मला तरी जिवावर येतं.

तुमच्या जुन्या बोर्डावर तीन स्लॉट रिकामे आहेत. तिथं १६ ची आणखी एक डीडीआर४ टाका. ३२ जीबी होतील, चॅनेल दोन होतील, वाहतूक २१ वरून ४२ वर जाईल. हा सीझन निघून जाईल. प्रोसेसरकडून मोजायचं, दुसरा आणि चौथा स्लॉट. शेजारी-शेजारी खोचू नका. बोर्डाच्या पुस्तकात एकदा बघून घ्या, पुस्तक नसेल तर बोर्डवर बारीक अक्षरात ए२, बी२ छापलेलं असतं.

खासबाग_गेमर

ताई, माझ्या मित्राकडं १६ ची डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक पडून आहे, त्यानं नवीन बोर्ड घेतला. कंपनी वेगळी आहे पण. दादांच्या स्टिकसोबत चालंल काय? का सेम कंपनीचीच पाहिजे?

आणि माझं म्हणणं मी मागं घेत नाही, दिवे असलेली रॅम भारी दिसते.

उद्यमनगरची_असेंबलर

चालेल, बहुतेक वेळा चालते. त्यांच्या बोर्डावर दोन्ही २६६६ वरच उतरणार आहेत, त्यामुळे ताणाचा प्रश्न नाही. व्होल्टेज १.२ लिहिलेलं आहे का बघ. काही स्टिकवर १.३५ असतं, ते एक्सएमपी, म्हणजे पाकिटावरचा वरचा वेग, लावल्यावरचं, तीही साध्या वेगाला १.२ वर चालते. लॅपटॉपची आखूड स्टिक नाही ना, ते आधी बघ. हसू नको, लोक घेऊन येतात.

पैसे द्यायच्या आधी मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) लावायचं. पेन ड्राइव्हवरून बूट करून रात्रभर चालू द्यायचं, सकाळी एरर शून्य पाहिजे. एक जरी आली तरी स्टिक परत. ‘एकच आहे’ म्हणून सोडायची नाही. खराब रॅम लगेच बंद पडत नाही. अल्बमची फाइल सेव्ह होताना एखादा बाइट उलटा करून ठेवते आणि ते प्रिंटिंगला गेल्यावर कळतं.

शाहूपुरी_स्टुडिओ

खासबागवाले, मित्राला विचारून किंमत कळवा, मी स्टुडिओत रात्री नऊपर्यंत असतो. नवीन पीसी पावसाळ्यावर ढकलला. ५० मालिकेचं कार्ड की इंटेलचा प्रोसेसर, त्यावर तेव्हा वेगळा धागा काढतो. दुसऱ्या दुकानदाराचा दोनदा फोन येऊन गेला, म्हणतो दिव्यांची जोडी तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय.

ताई, मेमटेस्ट मला जमंल असं वाटत नाही. पेन ड्राइव्ह तयार करायला काय लागतं?

उद्यमनगरची_असेंबलर

काही करू नका, माझ्याकडं तयार आहे. उद्या चारनंतर माणूस पाठवा, देते. बूट होताना एफ११ किंवा एफ१२ दाबायचं आणि यादीतून पेन ड्राइव्ह निवडायचा, पुढं ते आपोआप चालतं. तपासणी झाली की आठवणीनं परत आणून द्या. आधीचा एकानं नेलाय, तो त्यात पिच्चर भरून बसलाय.